पंचवीसचे बावन्न कसे होतात?

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यात, खानापूर तालुक्यातल्या एका सरकारी मराठी शाळेत, तिसरीच्या वर्गात मी भिंतीला टेकून बसलो होतो. बाई संख्या सांगत होत्या, पोरं पाटीवर लिहीत होती. ‘पंचवीस’ म्हटल्यावर एकाने ५२ लिहिले. ‘छत्तीस’ला ६३. बाईंनी फुली मारायला खडू उचलला, पण मारली नाही.

“कसं लिहिलास रे हे?”

“तुम्ही म्हटलासा तसंच की. पंच, मग वीस.”

बाई क्षणभर गप्प राहिल्या आणि मग कानडीत म्हणाल्या, “इप्पत्तैदु.” पोराने झटक्यात २५ लिहिले. त्याचा बाप आठवडी बाजारात भाजी विकतो. बाजारातले कानडी आकडे त्याच्या कानात पक्के बसलेत.

कानडीत ‘इप्पत्तु’ म्हणजे वीस आणि ‘ऐदु’ म्हणजे पाच. आधी दशक, मग एकक. लिहितानाही क्रम तोच. मराठीत मात्र एकक आधी बोलायचे आणि नंतर लिहायचे. ‘पंच’ ऐकले की ते डोक्यात धरून ठेवायचे, ‘वीस’ येईपर्यंत थांबायचे, मग २ आधी मांडून धरलेला ५ त्याच्या शेजारी ठेवायचा. आपल्याला हे कष्ट जाणवत नाहीत, कारण आपण ते हजारो वेळा केलेत. मेंदूची कच्ची वही, म्हणजे चालू कामापुरत्या गोष्टी धरून ठेवणारी स्मृती, मुळातच छोटी असते आणि सात-आठ वर्षांच्या मुलाची तर आणखी छोटी.

जर्मन भाषेतही आपल्यासारखेच ‘पाच-आणि-वीस’ म्हणतात. जर्मन बोलणाऱ्या ऑस्ट्रियातल्या पहिलीच्या मुलांवरचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. ऐकलेली संख्या लिहिताना मुलांच्या ज्या चुका झाल्या, त्यांतल्या जवळजवळ निम्म्या या उलटापालटीशी जोडलेल्या निघाल्या. चेक भाषेत तर दोन्ही रीती चालतात, ‘वीस-पाच’ही आणि ‘पाच-आणि-वीस’ही. तिथे त्याच मुलांना त्याच संख्या दोन्ही रीतींनी सांगून पाहिल्या, तर उलट्या रीतीत चुका जास्त झाल्या.

बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या गणितात ‘वीस एक’, ‘साठ तीन’ अशी मांडणी आणली ती याच अडचणीपायी. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर शांतपणे कारणे सांगत होत्या आणि महाराष्ट्र हसत होता. विधानसभेतसुद्धा त्यावर विनोद झाले. सीमेवर बसून ते ऐकताना मला गंमत वाटत होती. जी रीत तिकडे पुस्तकात आली म्हणून गहजब झाला, ती आमच्या पोरांना बाजारात फुकट मिळते.

पण मला सांगायचे आहे ते बाईंच्या त्या थांबण्याबद्दल. ५२ ही चूक दोन मुलांची असली, तरी तिच्यामागचे कारण एकच असेल असे नाही. एकाला दशक-एकक नीट कळलेले असते, फक्त कानाचा क्रम हाताला चुकवतो. दुसऱ्याला २५ आणि ५२ यांत काही फरक आहे हेच उमगलेले नसते. तिसरा ‘दोनशे पाच’ ऐकून २००५ लिहितो, कारण दोनशे म्हणजे २००, त्यापुढे ५. प्रत्येकावर इलाज निराळा, लाल फुली मात्र तिघांना सारखीच. विषय येणे वेगळे आणि त्या विषयात मूल नेमके कुठे अडखळते हे ठाऊक असणे वेगळे, हा भेद ली शुलमन या अमेरिकन अभ्यासकाने १९८६ साली ठळकपणे मांडला. दुसरे ज्ञान बीएडच्या सर्टिफिकेटवर दिसत नाही.

शाळा सुधारायची म्हटली की आपल्या तोंडी पगार, पुस्तके आणि इमारत येते. पगाराचे इंडोनेशियात करून पाहिले. प्रमाणपत्र मिळवणाऱ्या शिक्षकांचा मूळ पगार तिथे दुप्पट झाला. ३६० शाळांमध्ये त्याचा परिणाम तपासला, तेव्हा शिक्षक अधिक समाधानी होते, पण मुलांच्या गुणांत फरक नव्हता. केनियात खेड्यांतल्या शाळांना पाठ्यपुस्तके वाटली. फायदा झाला तो आधीच पुढे असलेल्या मुलांना. पुस्तके इंग्रजीत होती आणि अनेक मुलांची ती तिसरी भाषा. (हे आमच्याकडच्या पालकांना सांगून बघा. गावात इंग्रजी शाळेची पिवळी गाडी आली की मराठी शाळेचा पट उतरायला लागतो.)

फरक पडला तो मूल जिथे उभे आहे तिथून सुरुवात केल्यावर. ‘प्रथम’ संस्थेची चाचणी अगदी साधी आहे: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. मूल कुठल्या पायरीवर अडते ते पाहायचे आणि इयत्ता बाजूला ठेवून त्या पायरीचे गट करायचे. मुंबई आणि वडोदऱ्यात २००१ ते २००३ या काळात मागे पडलेल्या मुलांना असे वेगळे शिकवून पाहिले आणि गुण वाढले. अशाच कामांसाठी अभिजित बॅनर्जी, एस्तेर दुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

खरी मेख पुढे आहे. बिहार आणि उत्तराखंडात सरकारी शिक्षकांना हेच प्रशिक्षण दिले, साहित्यही दिले, आणि शाळेत काहीच बदलले नाही. शिक्षक परत जाऊन पोर्शन संपवायला लागले, कारण विचारणा पोर्शनचीच होत होती. हरियाणात शाळेच्या वेळेतला एक तास यासाठी राखून ठेवला, वर देखरेख ठेवली. मुलांचे हिंदी वाचन सुधारले. गणित हलले नाही, पण भर हिंदीवरच होता.

कर्नाटकाला ही कल्पना परकी नाही. ‘नली-कली’ या शिकवण्याच्या रीतीची सुरुवात १९९५ साली म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात झाली आणि २००९-१० पासून ती राज्यभरातल्या सरकारी शाळांत आली. पहिली ते तिसरीची मुले एकत्र, प्रत्येकाची कार्डे वेगळी, आपापल्या वेगाने शिडी चढायची. एकच शिक्षक तीन इयत्ता सांभाळतो अशा शाळेला ही रीत शोभते. पण कार्ड संपले म्हणून खूण केली आणि मुलाला काय कळले हे विचारलेच नाही, तर तीही पोर्शनच होते.

दुसऱ्या दिवशी बाईंनी चिंचोके आणले. दहा-दहाच्या पुड्या डावीकडे, सुटे उजवीकडे. “पंचवीस” म्हटले की आधी हात पुड्यांकडे गेला पाहिजे, लिहायचे नंतर. तास संपेपर्यंत पोराला पंचवीस, छत्तीस, बावन्न सगळे जमले. मग बाई म्हणाल्या, “एकोणतीस.”

त्याने तीन पुड्या उचलल्या, एक सुटा चिंचोका शेजारी ठेवला आणि ३१ लिहिले. ऐकले तर ‘एक’ही होते आणि ‘तीस’ही. बाईंनी मान हलवली, तसा तो वैतागला.

“कानडीत सांगा की, बाई.”