वासोट्याला येण्याआधी बॅग अशी भरा

आमच्या वासोटा किल्ल्याच्या ट्रेकची नोंदणी झाली की हमखास फोन येतो: "चढ दोन-अडीच तासांचा, मग साताऱ्याहून पहाटे साडेपाचलाच कशाला निघायचं?" चढ तेवढाच आहे. पण कासमार्गे बामणोली गाठायची, तिथून शिवसागरातून, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयातून, दीडेक तास बोट, आणि परतताना पुन्हा तेवढंच. हे कोयना अभयारण्य, सह्याद्री व्याघ्र प्रकल्पाचा भाग. गडावर मुक्कामाला परवानगी नाही. अंधाराच्या आत बोट बामणोलीला लागलीच पाहिजे.

वेळ खरा जातो तो पायथ्याला, मेट इंदवलीच्या चौकीवर. वनखात्याची माणसं बॅगा उघडून प्लॅस्टिक मोजतात: बाटली, बिस्किटांचा पुडा, वेफर्सचं पाकीट, चॉकलेटचा कागदसुद्धा. आकडा लिहून अनामत घेतात, उतरल्यावर तेवढे नग दाखवले की परत देतात. नियम चोख आहे, म्हणूनच ही वाट अजून स्वच्छ आहे. पण एकाच्या पाच कप्प्यांतून चौदा पाकिटं निघाली की मागची सगळी रांग थांबते. वीस जणांत पाऊण तास सहज जातो, आणि तो शेवटी बाबूकड्यावरच्या, म्हणजे गडाच्या टोकाच्या उभ्या कड्यावरच्या, वेळेतून कापावा लागतो. समोर जुना वासोटा हा शेजारचा डोंगर, खाली थेट कोकणात उतरलेली दरी. तिथे दहा मिनिटांत पाठ फिरवायची म्हणजे येऊन न आल्यासारखंच.

तेव्हा वेष्टनं घरीच काढा, सुका खाऊ एका स्टीलच्या डब्यात भरा. धातूच्या दोन बाटल्या, मिळून दोन-अडीच लिटर. मारुती-गणपतीच्या मूर्तींजवळच्या ओढ्यावर भरून घ्या, पुढे चढावर पाण्याचा भरवसा नाही. औषधांची पाकिटं वगैरे टाळता न येणाऱ्या वस्तू एकाच कापडी पिशवीत, सगळ्यात वर. दुपारचं जेवण आणू नका. भाकरी, पिठलं, ठेचा आम्ही डब्यांतून नेतो, शुल्कात धरलेलं आहे. पाकीटबंद जेवण स्वस्त पडेल, पण त्याचे नग चौकीवर मोजत बसावे लागतात.

बूट खोल खाचांचे हवेत. उतरताना सुक्या पाचोळ्यावर गुळगुळीत तळ हमखास घसरतो. झाडीत आवाज कमी ठेवलात तर शेकरू दिसण्याची शक्यता वाढते. याच दाट रानामुळे गडाचा कैदखाना झाला होता. १८१८ मध्ये इंग्रजांनी गड घेतला तेव्हा त्यांचे दोन अधिकारी इथल्याच कैदेतून सुटले.

ओळखपत्राची प्रत सोबत ठेवा. अनामत गटातर्फे आम्ही भरतो. नग कमी भरला तर ती रक्कम ज्याची बॅग त्याच्याकडून घेतो.