धून परत आली म्हणजे टर्नरी फॉर्म? थांबा जरा

पाश्चात्त्य संगीत शिकणाऱ्यांच्या वह्यांतून एक व्याख्या वर्षानुवर्षं उतरवली जाते: सुरुवातीची धून शेवटी परत आली की रचना टर्नरी, म्हणजे अ-ब-अ अशी तीन भागांची. ही व्याख्या अर्धवट आहे. धून राउंडेड बायनरीतही परत येते, म्हणजे अशा दोन भागांच्या रचनेत, जिच्या दुसऱ्या भागाच्या शेवटी सुरुवातीची धून पुन्हा येते.

आधी पहिला ‘अ’ कुठे संपतो ते पाहा. टर्नरीत तो सहसा मूळ स्केलमध्ये पक्क्या कॅडन्सवर, म्हणजे सांगीतिक वाक्याच्या समारोपावर, थांबतो. तिथेच वाजवणं थांबवलं तरी काही राहून गेल्यासारखं वाटत नाही. ‘ब’ची धूनही स्वतंत्र असते. राउंडेड बायनरीत मात्र सी मेजरमधली रचना घेतली, तर पहिल्या भागात, अनेकदा आठव्या बारच्या (तालाच्या आवर्तनाच्या) आधीच, जी मेजरचा एफ शार्प डोकावतो आणि कॅडन्स बहुधा जी मेजरमध्ये पडतो. गाडी घराबाहेरच थांबली! पुढचा भाग तिला परत आणतो.

कधी पहिला भाग मूळ स्केलमध्येच संपतो, आणि इथेच बरेच जण फसतात. मग रिपीटच्या खुणा बघाव्यात. ‘ब’ आणि परतलेला ‘अ’ एकाच रिपीटमध्ये बांधलेले असतील, तर रचना दोनच भागांची मानणं योग्य.

मिन्युएट या जुन्या नृत्यप्रकारात दोन्ही सापडतात: एकटा मिन्युएट बहुधा राउंडेड बायनरी, पण मिन्युएट-ट्रायो (मधला वेगळा भाग)-मिन्युएट हा सगळा डोलारा टर्नरी. शेवटचा मिन्युएट सहसा पुन्हा छापत नाहीत, ‘दा कापो’ (सुरुवातीपासून) एवढंच लिहितात.

आणि हो, टर्नरीचा ३/४ तालाशी काहीही संबंध नाही.