रिॲक्टिव्ह पॉवर आणि शक्तिगुणक सुधारणा

प्रत्यावर्ती (एसी) मंडलात उष्णता, गती वा प्रकाश या रूपाने खर्च न होता उगम आणि भार यांच्यात मागेपुढे होत राहणारी शक्ती म्हणजे रिॲक्टिव्ह पॉवर, अशी व्याख्या सहसा दिली जाते. प्रवर्तन मोटर आणि रोहित्र यांना चुंबकीय क्षेत्र उभे करण्यासाठी लागणारा प्रवाह विद्युत् दाबाच्या (व्होल्टेजच्या) मागे राहतो, धारित्राचा (कपॅसिटरचा) प्रवाह दाबाच्या पुढे धावतो. किलोवॉटला (प्रत्यक्ष खर्च होणाऱ्या शक्तीला) केव्हीएने (दाब आणि प्रवाह यांच्या गुणाकाराने) भागले की शक्तिगुणक, म्हणजेच पॉवर फॅक्टर, मिळतो.

वरील व्याख्या कामचलाऊ आहे. समतोल त्रिकला (थ्री-फेज) मंडलात तिन्ही कलांच्या क्षणिक शक्तींची बेरीज सतत स्थिर असते. एकूण पाहता मागेपुढे काहीच होत नाही, तरी रिॲक्टिव्ह पॉवर असतेच. थायरिस्टर या इलेक्ट्रॉनिक स्विचने मंद केलेल्या दिव्यात ऊर्जा साठवणारा घटक नसतो आणि शक्ती क्षणभरही उलटी वाहत नाही; तरीही शक्तिगुणक एकाखाली येतो. विद्युत् प्रज्योतीच्या (आर्कच्या) बाबतीत अशीच विसंगती विद्युत् अभियंता स्टाइनमेट्स यांनी दाखवली, ती साधारणतः १८९२ सालची मानतात. ‘वॅटहीन प्रवाह’ ही संज्ञाही त्याच सुमारास रूढ झालेली दिसते.

तरंग शुद्ध ज्यावक्रीय (साइन वक्रासारखा) नसेल तर व्याख्या कोणती घ्यावी, हा वाद अद्याप पुरता मिटलेला नाही. रुमानियाचे बुदेआनु यांनी १९२७ मध्ये प्रत्येक हार्मोनिकची (मूळ वारंवारतेच्या पटीतील घटकाची) रिॲक्टिव्ह पॉवर काढून त्यांची बेरीज घेतली आणि उरलेल्या भागाला विरूपण शक्ती म्हटले. त्यांच्याच सूचनेवरून रिॲक्टिव्ह पॉवरचे ‘व्हार’ हे एकक १९३० मध्ये स्टॉकहोम येथे आंतरराष्ट्रीय विद्युत् तंत्र आयोगाने स्वीकारले. पोलंडचे फ्रीझे यांनी मात्र हार्मोनिकांच्या वाटेला न जाता प्रवाहाचे दोनच भाग केले: दाबाच्या प्रमाणात असणारा आणि बाकीचा. बुदेआनुंच्या बेरजेत विरुद्ध चिन्हांची पदे एकमेकांना खोडतात, मंडलातली आंदोलने मात्र तशीच राहतात, हा चार्नेत्स्की यांचा १९८७ मधील आक्षेप ग्राह्य वाटतो. आयईईई या अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या १४५९ क्रमांकाच्या मानकानेही मूलभूत वारंवारतेचा भाग वेगळा काढून मोजण्याची वाट धरली आहे. पाठ्यपुस्तकांत बुदेआनु अजून टिकून आहेत.

व्यवहारात हिशेब साधा असतो. ४०० व्होल्टच्या त्रिकला पुरवठ्यावर १०० किलोवॉटचा भार ०·७ शक्तिगुणकाने चालला तर सुमारे २०६ अँपिअर प्रवाह लागतो. जवळपास ६९ केव्हीएआरची (किलोव्हारची) धारित्रे जोडून शक्तिगुणक ०·९५ केला की तोच प्रवाह १५२ अँपिअरवर येतो आणि धारित्रांमागील केबलमधील उष्णता-ऱ्हास सुमारे ४६ टक्क्यांनी घटतो. धारित्रे आणि मोटर यांच्यामधल्या तारेला याचा काही लाभ नाही; म्हणून धारित्रे भाराच्या जितकी जवळ तितकी बरी. मोटर काम तेवढेच करते, तिच्या किलोवॉटमध्ये जाणवण्याजोगा फरक पडत नाही, ही गोष्ट वीज वाचवण्याचे यंत्र विकणारे सांगत नाहीत.

धारित्राने दिलेली रिॲक्टिव्ह पॉवर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दाब १० टक्के घसरला की तिच्यात १९ टक्के घट होते, म्हणजे गरज वाढते तेव्हाच आधार कमी पडतो. सिंक्रोनस कंडेन्सर (यांत्रिक भाराविना फिरणारे यंत्र) किंवा स्टॅटकॉम (इलेक्ट्रॉनिक भरपाई यंत्रणा) यांचा उपयोग अशा वेळी होतो. कमी भाराच्या लांब वाहिनीवर उलट दाब चढतो, म्हणून तेथे समांतर रिॲक्टर (प्रवर्तक वेटोळे) बसवतात.

धारित्रे आणि रोहित्राचे प्रवर्तकत्व यांचा अनुनाद (रेझोनन्स) पाचव्या वा सातव्या हार्मोनिकजवळ आला तर फ्यूज उडतात, धारित्रे फुगतात. त्यासाठी धारित्राशी एकसरीत, त्याच्या रिॲक्टन्सच्या सात टक्के इतका रिॲक्टर घालतात. ५० हर्ट्झच्या पुरवठ्यात त्यामुळे त्या शाखेचा अनुनाद सुमारे १८९ हर्ट्झवर, पाचव्या हार्मोनिकच्या खाली, राहतो. पुरवठा तोडल्यावरही धारित्रात विद्युत् प्रभार शिल्लक असतो. कमी दाबाच्या धारित्रांत विसर्जन रोधकाने त्याचा दाब तीन मिनिटांत ७५ व्होल्टपर्यंत उतरावा, असे आंतरराष्ट्रीय मानक आहे. तरीही अग्रे लघुमंडलित (शॉर्ट) केल्याखेरीज त्यांना हात लावत नाहीत.