मायक्रोसिस्टिन की नोड्युलॅरिन, सुरुवात कोणापासून करायची?

परवा नागपूरला अमरावती रोडच्या कॅम्पसवर एमएस्सीच्या एका पोरीने विचारलं, सर, मायक्रोसिस्टिन अन् नोड्युलॅरिन एकच ना, फक्त रिंग लहान-मोठी? तिला प्रोजेक्टमध्ये एन्झाइम इन्हिबिटर, म्हणजे एन्झाइम बंद पाडणारा रेणू, कागदावर डिझाइन करायचाय आणि सुरुवात यातल्या एका विषापासून करायची आहे. हा घोळ पुष्कळ जणांचा होतो, म्हणून नीट लिहून काढतो.

सारखेपणा आहेच. दोन्ही सायनोबॅक्टेरियाची, म्हणजे आपण ज्याला निळं-हिरवं शेवाळ म्हणतो त्याची विषं, दोन्ही गोल पेप्टाइड, म्हणजे अमिनो ॲसिडांची कडी, दोन्ही पेशीच्या नेहमीच्या प्रोटीन कारखान्यात, रायबोसोमवर, बनत नाहीत आणि दोन्ही पेशीतले पीपी१ आणि पीपी२ए हे फॉस्फेटेज, म्हणजे प्रोटीनवरचा फॉस्फेट काढणारे एन्झाइम, बंद पाडतात. मग कायनेज नावाचं उलट काम करणारं एन्झाइम प्रोटीनवर फॉस्फेट लावतच राहतं, काढणारं कोणी उरत नाही अन् पेशीचा सांगाडा कोसळतो. मार बसतो मुख्यतः लिव्हरला, कारण आत शिरायला या रेणूंना ओएटीपी नावाचे ट्रान्सपोर्टर लागतात आणि त्यांची गर्दी लिव्हरमध्येच.

पत्ता मात्र वेगळा. मायक्रोसिस्टिन गोड्या पाण्यातलं. १९९६ साली ब्राझीलमध्ये कारुआरूला डायलिसिसच्या पाण्यातून हेच पेशंटच्या रक्तात गेलं आणि पन्नासच्या आसपास माणसं गेली. नोड्युलॅरिन मचूळ पाण्यातल्या नोड्युलारियाचं, बाल्टिक समुद्रात उन्हाळ्यात त्याचे थर दिसतात. आपल्या नागपूरच्या फुटाळा तलावावर हिरवी साय आली तर ती विषारी आहे की नाही हे नुसतं बघून कळत नाही, पण जनावरांना ते पाणी पाजू नका. आणि उकळून हे विष जात नाही, हे घरी सगळ्यांना सांगा.

आता मुद्द्याचं. मायक्रोसिस्टिनमध्ये सात अमिनो ॲसिड, नोड्युलॅरिनमध्ये पाच, पोरं इथेच थांबतात, पण माझ्या मते खरा फरक एका कोपऱ्यात आहे. मायक्रोसिस्टिनमध्ये एमडीएचए नावाचा तुकडा असतो, त्याचा डबल बाँड पीपी१ च्या साखळीतल्या २७३ नंबरच्या सिस्टीन या अमिनो ॲसिडला पकडतो आणि कोव्हॅलंट बाँड होतो, म्हणजे चिकटलं ते चिकटलं. नोड्युलॅरिनमध्ये त्या जागी एमडीएचबी आहे, त्याचा डबल बाँड त्या सिस्टीनपाशी पोचतच नाही, म्हणून ते बसतं घट्ट पण कोव्हॅलंट बाँड न करता.

आणि इथेच बहुतेकांचं चुकतं. चिकटण्यामुळे एन्झाइम बंद पडतं असं वाटतं ना? तसं नाही. एन्झाइम काही मिनिटांतच थांबतं, कोव्हॅलंट बाँड त्यानंतर कितीतरी हळू, तासांच्या हिशोबाने होतो. एमडीएचएचा डबल बाँड काढून टाकला तरी मायक्रोसिस्टिन काम करतं. खरा जोर ॲडा नावाच्या लांब, तेलकट शेपटीचा, ती एन्झाइमच्या खाचेत जाऊन बसते, आणि शेजारच्या ग्लुटामिक ॲसिडचा कार्बॉक्सिल सक्रिय जागेतल्या धातूंजवळ पोचतो. ॲडामधला एक डबल बाँड ट्रान्सचा सिस झाला, म्हणजे शेपटी तिथे दुसऱ्या बाजूला वळली, की विषाचा दम जवळपास संपतो. ही दोन अंगं दोन्ही विषांत तीच आहेत, म्हणून तर दोघं जुळी वाटतात.

मग डिझाइन करताना काय धरायचं? मी नोड्युलॅरिनचा सांगाडा घेईन. रिंग लहान, बनवायला तुकडे कमी, आणि औषधाच्या दिशेने जायचं असेल तर सुटू शकणारा इन्हिबिटर कधीही बरा, कायमचा चिकटणारा चुकून दुसऱ्या एन्झाइमवर बसला तर परतीचा रस्ता नाही. बदलायला मोकळी जागा नोड्युलॅरिनमधल्या आर्जिनिन या अमिनो ॲसिडची. निसर्गानेच तिथे व्हॅलिन हे दुसरं अमिनो ॲसिड टाकून पाहिलंय, पापुआ न्यू गिनीच्या समुद्री स्पंजात सापडलेलं मोटुपोरिन म्हणजे तेच, आणि तेही पीपी१ बंद पाडतं. अवघड आहे ॲडा, त्याचं सिंथेसिस लांबलचक आहे, त्याऐवजी सोपी शेपटी लावली की ताकद बरीच घसरते. पीपी१ आणि पीपी२ए यांच्या सक्रिय जागा इतक्या सारख्या की एकालाच धरणारा रेणू बनवणं हीच यातली सगळ्यात कठीण गोष्ट. मायक्रोसिस्टिन टाकाऊ नाही, मण्यांवर बांधून ते मिश्रणातून हे फॉस्फेटेज ओढून काढायला वापरतात.

लॅबमध्ये पाण्याचे नमुने तपासायची वेळ आली तर एक लक्षात ठेवा, ॲडा ओळखणारी एलायझा किट (अँटीबॉडीवर चालणारी चाचणी) दोघांनाही पकडते, वेगळं करून सांगत नाही. मास स्पेक्ट्रोमीटरवरही, म्हणजे रेणूंचं वजन मोजणाऱ्या यंत्रावरही, ॲडाचा १३५ चा तुकडा दोघांचा येतो, म्हणून न तुटलेल्या रेणूचा मूळ आयन बघायचा, मायक्रोसिस्टिन-एलआर या प्रकाराचा ९९५ च्या आसपास, नोड्युलॅरिनचा ८२५ च्या.