पाळीव प्राण्यांची ॲलर्जी आणि घरातील एअर प्युरिफायर

मांजर, कुत्रा किंवा दुसरा पाळीव प्राणी असलेल्या घरात हवेत तरंगणारे ॲलर्जीकारक कण गाळून काढण्यासाठी एअर प्युरिफायर वापरतात. यंत्राची रचना साधी असते. आतला पंखा खोलीतली हवा ओढतो, ती दाट तंतूंच्या फिल्टरमधून जाते आणि बरीचशी कणरहित होऊन पुन्हा खोलीत येते. जो कण हवेतून यंत्रापर्यंत पोहोचतो तोच अडतो. सोफ्याच्या कापडात, गालिच्यात किंवा प्राण्याच्या अंगावर बसलेल्या कणांवर यंत्राचा काहीच इलाज चालत नाही. निवड, वापर आणि अपेक्षा या तिन्ही बाबतींत लोकांची फसगत होते ती बहुतेक वेळा ही मर्यादा ध्यानात न घेतल्यामुळे.

ॲलर्जी नेमकी कशाची

प्राण्याच्या केसांची ॲलर्जी असते, हा समज फार घट्ट रुजलेला आहे. प्रत्यक्षात शरीराची प्रतिकारयंत्रणा बिथरते ती काही विशिष्ट प्रथिनांमुळे, आणि केस ही प्रथिने वाहून नेण्याचे काम करतात. मांजराच्या बाबतीत ‘फेल डी 1’ हे मुख्य प्रथिन. ते त्वचेतील तैलग्रंथींत आणि लाळेत तयार होते. मांजर अंग चाटते, लाळ केसांवर वाळते आणि तिचे सूक्ष्म कण त्वचेच्या कोंड्याबरोबर हवेत मिसळतात. कुत्र्याच्या लाळेत आणि कोंड्यात ‘कॅन एफ 1’ असते. ‘कॅन एफ 5’ हे प्रथिन मात्र कुत्र्याच्या प्रोस्टेट ग्रंथीत तयार होते, म्हणून ते फक्त नरांत आढळते. त्यामुळे एखाद्याला नर कुत्र्याजवळ शिंका येतात आणि मादीजवळ काहीच होत नाही, असेही घडू शकते. उंदीर व गिनीपिग यांच्या मूत्रातही अशी प्रथिने असतात.

आखूड केसांचा किंवा कमी केस गाळणारा प्राणी आणला की प्रश्न सुटेल, ही आशा यामुळेच फोल ठरते. ‘ॲलर्जी न करणाऱ्या’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कुत्र्यांच्या जातींच्या घरांतही कॅन एफ 1 चे प्रमाण खात्रीने कमी असते, असे तपासण्यांत दिसलेले नाही.

प्युरिफायरच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा गुण म्हणजे कणाचा आकार. स्थिर हवेत 10 मायक्रॉनचा (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण दीड मीटर उंचीवरून सुमारे 8 मिनिटांत जमिनीवर येतो. 2 मायक्रॉनच्या कणाला तीन तासांहून अधिक वेळ लागतो, तर 1 मायक्रॉनचा कण जवळजवळ अर्धा दिवस तरंगत राहतो. धुळीतल्या सूक्ष्म किड्यांचे ॲलर्जीकारक घटक बहुधा मोठ्या कणांवर असतात. चादर झटकली की ते उडतात आणि थोड्याच वेळात खाली बसतात, त्यामुळे तिथे प्युरिफायरचा उपयोग बेताचाच. मांजर आणि कुत्र्याच्या ॲलर्जीकारक घटकांचा बराचसा भाग 5 मायक्रॉनहून लहान कणांवर असतो. ते तासन्‌तास हवेत राहतात आणि श्वासाबरोबर खोल जातात. ज्यांना मांजराची तीव्र ॲलर्जी आहे त्यांना घरात पाऊल ठेवताच, मांजर दिसायच्या आधीच डोळ्यांना खाज सुटते, त्यामागे हेच कारण असते. प्युरिफायरला इथे वाव मिळतो तोही याच तरंगण्यामुळे.

हेपा फिल्टर

‘हेपा’ या वर्गाचे फिल्टर 1940 च्या दशकात अमेरिकेच्या अणुबाँब प्रकल्पात किरणोत्सर्गी कण अडवण्यासाठी विकसित झाले. अमेरिकी व्याख्येनुसार हेपा फिल्टरने 0.3 मायक्रॉनचे किमान 99.97 टक्के कण अडवले पाहिजेत. युरोपीय पद्धतीतील एच-13 या श्रेणीसाठी, अडवायला सर्वांत अवघड असलेल्या आकारावर, ही मर्यादा 99.95 टक्के आहे.

0.3 मायक्रॉनपेक्षा लहान कण निसटत असतील अशी शंका येणे साहजिक आहे. पण हेपा फिल्टर चाळणीसारखा चालत नाही. मोठे कण हवेबरोबर वळू न शकल्याने तंतूंवर आदळतात, मधले कण जवळून जाताना तंतूंना चिकटतात आणि अतिसूक्ष्म कण हवेच्या रेणूंचे धक्के खात वेडेवाकडे फिरताना तंतूंवर सापडतात. 0.3 मायक्रॉनच्या आसपास या तिन्ही क्रिया दुबळ्या पडतात, म्हणून कसोटी त्या आकारावर घेतात. प्राण्यांचे ॲलर्जीकारक कण बहुतांशी याहून मोठे असल्याने खऱ्या हेपा फिल्टरला ते जड जात नाहीत. ‘हेपासारखा’ किंवा ‘हेपा प्रकारचा’ या शब्दांना मात्र ठरावीक अर्थ नाही. पेटीवर तसे लिहिले असेल तर टक्केवारी आणि कणाचा आकार कुठे छापला आहे का, ते पाहावे.

यंत्र निवडताना

जाहिराती फिल्टरच्या टक्केवारीवर भर देतात. घरात फरक पडतो तो मुख्यतः हवेच्या प्रमाणामुळे. ताशी 100 घनमीटर हवा 99.97 टक्के शुद्ध करणारे यंत्र आणि ताशी 200 घनमीटर हवा 90 टक्के शुद्ध करणारे यंत्र यांची तुलना करा. पहिले तासाला जेमतेम 100 घनमीटर स्वच्छ हवा देते, दुसरे 180. खोलीसाठी दुसरे अधिक कामाचे. हा गुणाकार एका आकड्यात सांगणारे माप म्हणजे स्वच्छ हवा पुरवण्याचा दर, म्हणजेच ‘सीएडीआर’. अमेरिकेतील गृहोपयोगी उपकरण उत्पादकांच्या ‘आहाम’ या संघटनेच्या पद्धतीत तो धूर, धूळ आणि परागकण यांसाठी वेगवेगळा मोजतात. पाळीव प्राण्यांसाठी वेगळा आकडा त्यात नसतो, म्हणून धूळ आणि धुराचे आकडे पाहून निवड करणे शहाणपणाचे.

हिशेब घरी करता येतो. खोली 4 मीटर लांब, साडेतीन मीटर रुंद आणि 3 मीटर उंच असेल तर तिच्यात 42 घनमीटर हवा मावते. तासाला पाच वेळा ही हवा गाळली जावी असे धरले तर ताशी 210 घनमीटर सीएडीआर लागतो. आहामचा ठोकताळा चौरस फुटांत आहे : 8 फूट उंचीच्या खोलीत क्षेत्रफळाच्या किमान दोन तृतीयांश इतका सीएडीआर, मिनिटाला घनफुटांत. 150 चौरस फुटांच्या खोलीला 100, म्हणजे ताशी सुमारे 170 घनमीटर. छत उंच असेल तर त्या प्रमाणात आकडा वाढवायचा.

पाच वेळाच का? समजा, खिडकी-दारांच्या फटींतून होणारी हवेची अदलाबदल आणि कणांचे खाली बसणे मिळून तासाला एका फेरीइतकी, म्हणजे खोलीभर, हवा आपोआप स्वच्छ होते. यंत्राने आणखी एकाच फेरीची भर घातली तर हवेतले कण निम्म्यावर येतात. पाच फेऱ्यांची भर घातली तर ते एक षष्ठांशावर येतात. त्यापुढे यंत्र कितीही मोठे केले तरी मिळणारा लाभ झपाट्याने आटत जातो. लहान यंत्र मोठ्या दिवाणखान्यात ठेवून ‘काही फरक पडत नाही’ म्हणणाऱ्यांची अडचण बहुधा इथेच असते.

छापलेला सीएडीआर पंखा सर्वांत जोरात फिरतानाचा असतो. त्या वेळच्या आवाजात झोपणे अनेकांना जमत नाही, मग यंत्र मंद गतीवर येते आणि क्षमता अर्ध्याहूनही खाली जाऊ शकते. म्हणून हिशेबापेक्षा एक पायरी मोठे यंत्र घेऊन ते मधल्या गतीवर चालवणे चांगले. खरेदीच्या वेळी सर्वांत कमी नव्हे, तर मधल्या गतीला किती डेसिबल आवाज होतो ते विचारावे. फिल्टर कुठे मिळतो, वर्षाकाठी किती लागतात आणि त्यांचा खर्च किती, हेही तेव्हाच विचारलेले बरे.

काही वैशिष्ट्यांसाठी जादा पैसे मोजण्याचे कारण नाही. अतिनील किरणांचा दिवा जंतूंसाठी असतो. ॲलर्जीकारक प्रथिन सजीव नसल्याने ‘मारण्या’सारखे त्यात काही नसते. सक्रिय कार्बनचा थर वास शोषतो. प्राण्यांच्या घरात तो आवडू शकतो, पण शिंकांशी त्याचा संबंध नाही. विद्युतभारित आयन सोडणाऱ्या आणि ओझोन निर्माण करणाऱ्या यंत्रांबाबत मात्र सावध राहायला हवे. ओझोन श्वासनलिकांचा दाह वाढवतो, आणि ही यंत्रे घेणारा माणूस अनेकदा आधीच दम्याने त्रासलेला असतो. कॅलिफोर्निया राज्याने घरगुती यंत्रांतून निघणाऱ्या ओझोनवर हवेच्या एक अब्ज भागांत 50 भाग अशी मर्यादा घातली आहे. ओझोन तयार करणेच ज्याचे काम आहे असे यंत्र माणसे किंवा प्राणी असलेल्या खोलीत कधीही चालवू नये.

कुठे आणि कसे चालवावे

एकच यंत्र घेणे शक्य असेल तर ते ॲलर्जी असलेल्या माणसाच्या झोपण्याच्या खोलीत ठेवावे. दिवसातले सात-आठ तास सलग त्याच हवेत जातात, आणि दार लावून ती खोली राखताही येते. त्या खोलीत प्राण्याला मज्जाव करणे यंत्राइतकेच महत्त्वाचे आहे. मांजर उशीशी झोपत असेल तर नाकापासून वीतभर अंतरावरचे कण खोलीच्या कोपऱ्यातल्या यंत्राला गाठता येत नाहीत. वर्षानुवर्षे पायाशी झोपणाऱ्या प्राण्याला बाहेर ठेवणे घरातल्या सगळ्यांनाच जड जाते. तरी प्राणी घरात राहावा यासाठी करण्याजोगी ही सर्वांत मोलाची तडजोड आहे, असे ठामपणे म्हणावेसे वाटते.

यंत्र भिंतीला, पडद्याला किंवा पलंगाला खेटून ठेवू नये. हवा आत घेणाऱ्या बाजूला निदान वीत-दीड वीत मोकळी जागा हवी. प्राण्याच्या अंथरुणाशेजारी ते ठेवले तर बाहेर पडणारा झोत तिथलाच कोंडा उडवू शकतो. चालवताना दारे-खिडक्या शक्यतो बंद असाव्यात. खोली मोकळ्या हवेने भरायची असेल तर आधी ते उरकून घ्यावे.

तासाला पाच फेऱ्यांच्या वेगाने बंद खोलीतले सुमारे 95 टक्के तरंगते कण 36 मिनिटांत निघून जातात. त्यावरून झोपण्याआधी तासभर यंत्र लावले की पुरे, असे वाटते. पण कपडे, केस आणि गादी यांतून नवे कण सतत उडत असतात, यंत्र थांबले की हवा पुन्हा पूर्वपदावर येते. म्हणून ते रात्रभर, जमल्यास दिवसभर चालू ठेवावे. ‘ऑटो’ पर्यायावर फार विसंबू नये. बहुतेक यंत्रांतला सेन्सर धूर व बारीक धूळ पाहतो. ॲलर्जी चाळवण्यास पुरेसे प्रथिन हवेत असले तरी त्याला हवा स्वच्छच दिसू शकते आणि पंखा मंद राहतो. गती आपण ठरवून द्यावी.

मर्यादा

1998 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, मांजराची ॲलर्जी असलेल्यांवरील एका तुलनात्मक चाचणीत काहींच्या घरी खरे हेपा यंत्र आणि काहींच्या घरी दिखाऊ यंत्र ठेवले होते. खऱ्या यंत्राने हवेतले फेल डी 1 घटले. खाली बसलेल्या धुळीतले मात्र घटले नाही, आणि दोन्ही गटांच्या त्रासात लक्षणीय फरक दिसला नाही. यंत्राने काही रुग्णांना आराम पडल्याचे दाखवणारे अभ्यासही आहेत. एकूण पुराव्याचा कल असा, की यंत्र एकटे पुरत नाही, इतर उपायांना जोड म्हणून मात्र ते उपयोगी पडू शकते.

खरे कोठार जमिनीलगत असते. गालिच्यात गुळगुळीत फरशीच्या सुमारे शंभरपट मांजर-प्रथिन साठल्याचे मोजले गेले आहे, आणि प्रत्येक पावलाबरोबर त्यातले थोडे हवेत उडते. मांजर कायमचे दुसरीकडे दिल्यावरही घरातले प्रमाण मांजर नसलेल्या घराइतके खाली यायला साधारण चार ते सहा महिने लागतात. त्यामुळे चार दिवस प्राणी दूर ठेवून ‘फरक पडला नाही, म्हणजे ॲलर्जी त्याची नाही’ असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते.

म्हणून झोपण्याच्या खोलीतून गालिचा काढणे, फरशी ओल्या फडक्याने पुसणे आणि चादरी-अभ्रे दर आठवड्याला धुणे यंत्राच्या बरोबरीने करावे लागते. ही प्रथिने पाण्यात विरघळतात, त्यामुळे धुण्याचा उपयोग होतो. व्हॅक्युम क्लीनरला हेपा फिल्टर असावा. नसेल तर तो बारीक कण मागच्या बाजूने पुन्हा हवेत फेकतो. प्राण्याला आंघोळ घातल्याने प्रमाण घटते, पण काही दिवसांतच ते पुन्हा वाढते.

प्युरिफायरमुळे दम्याची औषधे कमी करता येतील असे स्वतःहून ठरवू नये. पक्षी पाळणाऱ्यांना कोरडा खोकला, धाप आणि ताप असा त्रास वारंवार होत असेल तर पिसे व विष्ठेतील प्रथिनांनी फुप्फुसांचा दाह होत असण्याची शक्यता असते. अशा वेळी यंत्रावर भिस्त न ठेवता लवकर डॉक्टरांकडे जावे.

फिल्टरची निगा

प्राणी असलेल्या घरात बाहेरची जाळी, म्हणजे प्री-फिल्टर, केसांनी लवकर भरते. ती दोन ते चार आठवड्यांनी साफ केली नाही तर हवेचा ओघ मंदावतो आणि छापलेला सीएडीआर कागदावरच राहतो. हेपा फिल्टर साधारण सहा महिने ते वर्षभराने बदलतात. निर्मात्याने स्पष्ट सांगितले नसेल तर तो पाण्याने धुऊ नये, तंतूंची रचना बिघडते. नवा फिल्टर बसवताना कडेची रबरी पट्टी नीट टेकली आहे ना, हे बोट फिरवून पाहावे. फट राहिली तर हवा तिथूनच, न गाळता, निघून जाते. जुना फिल्टर काढण्याचे काम ॲलर्जी नसलेल्या माणसाने, शक्यतो घराबाहेर, मास्क लावून करावे, आणि तो न झटकता लगेच पिशवीत घालून तिचे तोंड बांधावे.