पॅरालीगल डिप्लोमा म्हणजे वकिली नव्हे

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आपल्या मराठी घरांतून एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: पॅरालीगलचा, म्हणजे वकिलाच्या मदतनिसाचा, डिप्लोमा केला की कोर्टात उभं राहता येतं. तसं नाही. मुलांची फी आणि वर्ष दोन्ही पणाला लागतात, म्हणून स्पष्ट लिहिते.

१९६१ च्या अधिवक्ता अधिनियमानुसार वकिलीचा हक्क फक्त राज्य बार कौन्सिलकडे नोंद झालेल्या वकिलालाच आहे. त्यासाठी एलएलबी हवीच: पदवीनंतर ३ वर्षं किंवा बारावीनंतर ५. एखाद्या खटल्यापुरती न्यायालय इतरांना परवानगी देऊ शकतं, पण तो अपवाद. हक्क नसताना वकिली केली तर ६ महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते.

मग डिप्लोमा वाया का? अजिबात नाही. वकिलाच्या ऑफिसात मसुदे, कागदपत्रं, निकालांचा शोध हे कामही कसबाचंच. शिवाय विधी सेवा प्राधिकरणाचे, म्हणजे मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या सरकारी संस्थेचे, पॅरालीगल स्वयंसेवक वेगळे. त्यांना हा डिप्लोमा लागत नाही. स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, हे घरोघरी सांगणारे तेच.

आणि हो, कायद्यासाठी लॅटिनचा कोर्स लावायचीही गरज नाही. ‘हेबियस कॉर्पस’सारख्या लॅटिन संज्ञा अभ्यासातच कळतात.