आधीचा खरंच गप्प झालाय का?

ग्वाल्हेरच्या मैफलीत बुवांच्या मागे तानपुरा घेऊन शिष्य बसतो. बुवांचा दम सरला की स्वर तो उचलतो, श्रोत्यांना खंड जाणवत नाही. पण बुवा मुद्दाम थांबलेले असताना हा मध्येच गायला लागला, तर सगळा विचका. एक सर्व्हर (इतरांना सेवा पुरवणारा संगणक) बंद पडला की दुसऱ्याने त्याची जागा घ्यायची, या तंत्राचा इतिहासही याच पेचाभोवती फिरतो: पहिला खरंच गेलाय, हे दुसऱ्याने कशावरून ठरवायचं?

यंत्रं जोडीने ठेवण्याची सवय टेलिफोनवाल्यांनी मुरवली. १९६५ साली न्यू जर्सीतल्या सक्कासना गावी बेल सिस्टिम या अमेरिकी टेलिफोन कंपनीचं इलेक्ट्रॉनिक एक्स्चेंज सुरू झालं. त्यात दोन प्रोसेसर, म्हणजे हिशेब करणारे मेंदू, तेच काम एकाच वेळी करत आणि उत्तरं ताडून पाहत. उद्दिष्ट होतं, ४० वर्षांत मिळून फार तर २ तास बंद! (आमच्या ग्वाल्हेरच्या लश्कर भागात उन्हाळ्यातली एक दुपार एवढा कोटा संपवते.)

व्यापारी संगणकांत हे रुजवलं टँडम कंपनीने. जिमी ट्रेबिग यांनी ती १९७४ मध्ये काढली, आणि १९७६ मध्ये पहिली यंत्रणा सिटीबँकेकडे गेली. तिच्यातला प्रत्येक प्रोसेसर दर सेकंदाला ‘मी जिवंत आहे’ असा निरोप बाकीच्यांना धाडी. निरोप थांबला की जोडीदार काम हाती घेई; काम कुठवर आलंय हे त्याला आधीच कळवलेलं असे. याच कंपनीतल्या जिम ग्रे यांनी १९८५ मध्ये यंत्रणा बंद का पडतात याचा हिशेब मांडला. हार्डवेअरचा वाटा निघाला जेमतेम १८ टक्के. देखभाल करणाऱ्यांच्या हातून ४२ टक्के. आम्हा सिस्टिमवाल्यांनी तो आकडा भिंतीवर लावायला हरकत नाही.

१९९० च्या दशकाच्या अखेरीस लिनक्स या फुकट मिळणाऱ्या संगणक-प्रणालीवर ‘हार्टबीट’ (हृदयाचे ठोके) नावाचं सॉफ्टवेअर आलं आणि ही चैन साध्या पीसीला परवडू लागली. दोन यंत्रांमध्ये एक सीरियल केबल, तिच्यावरून ठोके. ठोके थांबले की दुसरं यंत्र सेवेचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवर ती सेवा ज्या क्रमांकावर सापडते तो, स्वतःकडे घेतं आणि ‘आता हा पत्ता माझ्याकडे’ अशी दवंडी नेटवर्कवर पिटतं. राउटरांसाठी, म्हणजे नेटवर्कं एकमेकांना जोडणाऱ्या यंत्रांसाठी, अशाच कामाचा व्हीआरआरपी हा मानक १९९८ चा.

पण केबलच निसटली तर? दालबाजारातल्या एका पेढीत मी हे भोगलंय. दोन्ही यंत्रं धडधाकट होती, आणि प्रत्येकाची खात्री की दुसरं मेलं. दोघांनीही पत्ता घेतला. निम्म्या नोंदी इकडे, निम्म्या तिकडे. मुनीमजींबरोबर त्या जुळवताना तीन रात्री गेल्या. या दुखण्याला ‘स्प्लिट ब्रेन’ म्हणतात.

त्यावरचा लिनक्सवाल्यांचा तोडगा रांगडा आहे. नाव ‘स्टोनिथ’, अर्थ ‘दुसऱ्याच्या डोक्यात गोळी घाला’. शंका आली की आधी जोडीदाराची वीज तोडायची, मगच त्याची गादी घ्यायची. दुसरा मार्ग मतमोजणीचा, तो १९८० च्या दशकातल्या, डेक या संगणक कंपनीच्या व्हॅक्सक्लस्टरमध्येही (एकत्र जोडलेल्या संगणकांच्या गटात) होता: ज्या गटाकडे बहुमत तोच काम करणार, उरलेल्याने निमूट थांबायचं. दोघांत बहुमत होत नाही, म्हणून तिसरा लागतो.

पेढीत आता कोपऱ्यात एक जुनाट पीसी ठेवलाय. सेवा एकही देत नाही, नुसतं मत देतो. मुनीमजी दर महिन्याला विचारतात, हा करतो काय?